मदत हवी आहे: अ‍ॅपवरच्या कर्जाची तक्रार नेमकी कुठे करू?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. आईच्या ऑपरेशनसाठी त्याने मोबाईल अ‍ॅपवरून ४०,००० रुपये कर्ज घेतलं. खात्यात आले ३५,२००, बाकीची म्हणे ‘प्रोसेसिंग फी’. दोन हप्ते थकले आणि काल रात्री साडेनऊला वसुलीवाल्याने थेट त्याच्या मुकादमाला फोन लावला! तो नंबर भावाने कुणालाच दिला नव्हता. आई भरल्या ताटावरून उठली.

पैसे बुडवायचे नाहीत, फेडणारच आहोत. पण सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नकोत, अ‍ॅपने फोनमधले कॉन्टॅक्ट घ्यायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितलंय. सगळे चार्जेस धरून वार्षिक दर दाखवणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ही आधी द्यावं लागतं. ते भावाला मिळालंच नाही.

अ‍ॅपवाल्या कंपनीला ईमेल केलाय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे माहीत आहे. पण तोवर या फोनचं काय करायचं? सायबर पोलिसांकडे आत्ताच जावं का? अ‍ॅपमागची खरी फायनान्स कंपनी कशी ओळखायची? सोलापुरात कुणी अशी तक्रार केली असेल तर कृपया सांगा, भाऊ दोन दिवस कामावर गेलेला नाही.