चेकराइडच्या (पायलट परवान्याच्या परीक्षेच्या) ओरलसाठी (तोंडी भागासाठी) क्रॉस कंट्री प्लॅन, अल्टिट्यूडवर अडकलोय

पुढच्या आठवड्यात एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेची) प्रायव्हेट पायलट चेकराइड आहे. एक्झामिनरने प्लॅन करून आणायला सांगितलाय, ११० नॉटिकल मैल, सेसना १७२एस, दिवसा व्हीएफआर (बाहेर बघून उडण्याचे नियम). ट्रू कोर्स (नकाशावरच्या खऱ्या उत्तरेपासून मोजलेली मार्गाची दिशा) १८३, व्हेरिएशन (खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला फरक) ६ डिग्री पूर्व, वारा २४० वरून २० नॉट, टीएएस (हवेतला खरा वेग) १०५ नॉट. मी ६५०० फूट धरलंय, कारण १८० च्या पुढे सम हजार अधिक ५००. इन्स्ट्रक्टर नेव्हलॉग (प्रवासाच्या आकडेमोडीचा तक्ता) बघून नुसतं "परत बघ" म्हणाले, तीनदा गणित केलं, चूक सापडत नाहीये. आणि ओरलला अजून काय खोदून विचारतात?

उत्तर १:
अरे गणित बरोबर आहे, आकडा चुकीचा धरलास. हा नियम मॅग्नेटिक कोर्सवर (कंपासच्या उत्तरेपासून मोजलेल्या मार्गाच्या दिशेवर) चालतो. पूर्व व्हेरिएशन वजा करायचं, म्हणजे १७७, मग जमिनीपासून ३००० फुटांच्या वर असशील तर विषम हजार अधिक ५००, तुला ५५०० नाहीतर ७५००. आता खरी मेख ऐक, वाऱ्यासाठी ९ डिग्री उजवीकडे धरल्यावर मॅग्नेटिक हेडिंग (विमानाचं नाक ज्या दिशेला असतं ती) १८६ येतं, त्यामुळे कंपासकडे बघून परत सम वाटतं, पण हेडिंग नाही, कोर्सच बघायचा. माझ्या ओरलला एक्झामिनरने पेन्सिल नेमकी याच रकान्यावर टेकवली, मी हेडिंग म्हणालो आणि पुढची दहा मिनिटं त्यातच गेली. अल्टिट्यूड बदललास की त्या उंचीचा वारा घेऊन सगळं परत काढ.

उत्तर २:
इंधनाचं पक्कं करा. ग्राउंडस्पीड (जमिनीच्या तुलनेत वेग) ९३ नॉटच्या आसपास येतो, म्हणजे साधारण ७१ मिनिटं, तासाला ८.५ गॅलन धरले तर १० गॅलन, वर टॅक्सी आणि क्लाइंबचं वेगळं. दिवसा नियमाने ३० मिनिटांचा रिझर्व्ह (राखीव इंधन) लागतो पण मी तरी एक तास धरते आणि का धरते तेही सांगते. वजनात एक्झामिनरचं खरं वजन विचारून घ्या. टाक्या फुल्ल म्हणजे वापरता येणारे ५३ गॅलन, ३१८ पाउंड तिथेच गेले, एकूण वजनाची मर्यादा २५५० पाउंड. रिकामं वजन त्याच विमानाच्या कागदावरून घ्या, मॅन्युअलमधल्या नमुन्यावरून नको. दोन्हीकडच्या रनवेची लांबी आणि टेकऑफ-लँडिंगचं अंतर पण काढून ठेवा, एफएएच्या नियम ९१.१०३ मध्ये हे सगळं येतं.

उत्तर ३:
चेकपॉइंट (वाटेत वरून ओळखायची खूण) का निवडला हे हमखास विचारतात. छोटं तळं नको, उन्हाळ्यात आटलं की वरून ओळखू येत नाही, नदी आणि हायवे जिथे एकमेकांना छेदतात तशी जागा घे. पहिला चेकपॉइंट जवळ ठेव, ग्राउंडस्पीड लगेच तपासता येतो. आणि मधेच "पुढे ढग खाली आलेत, आता कुठे जाशील" विचारलं तर एअरपोर्टचं नाव, अंदाजे हेडिंग आणि किती मिनिटं, एवढं चार्टवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ता:
१७७! तिन्ही वेळा ट्रू कोर्सवरच बघत होतो. ७५०० चा वारा घेऊन आज रात्री सगळा नेव्हलॉग नव्याने काढतो, आणि दोन चेकपॉइंट तळीच आहेत, ती पण बदलतो. मनापासून आभार.