चौतीसाव्या वर्षी कबड्डी सोडू का? आणि तो कॅमरॉन स्मिथ ४३० मॅच कसा काय खेळला?

आर्वीचा_रेडर

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, वय ३४, सोळा वर्षं झाले गावच्या टीममधी कबड्डी खेळून राहिलो, पहिलेपासून रेडरच. औंदा जानेवारीत खुल्या सामन्यात रेड मारून वापस येतानी मधली लाईन हातभर राह्यली आन् एका पोट्ट्यानं मांगून पाय धरला, एकोणीस वर्षाचं असन ते. तवापासून जो तो म्हणते आता बस कर, लेकरं मोठे झाले, वावर पाह्य. बायको काही म्हणत नाही पण गुडघ्याले तेल लावून देतानी तिचं तोंड दिसते मले.

त्या रात्री झोप नाही आली तर मोबाईलवर रग्बी लीग पाह्यत बसलो, ऑस्ट्रेलियात लय चालते हा खेळ. तेरा तेरा गडी, ८० मिनिटं, आन् सहा वेळा पकडलं का बॉल समोरच्याले द्या लागते. पकड पाह्यली तर आपल्या मातीतलीच वाटते, कमरेले मिठी, पाय धरणं, तिघंतिघं मिळून दाबणं. त्याच्यात हा कॅमरॉन स्मिथ, २००२ पासून २०२० पर्यंत एकाच मेलबर्न स्टॉर्म क्लबकडून ४३० मॅच, आन् शेवटची मॅच म्हणजे डायरेक्ट फायनल, ३७ व्या वर्षी, ते बी जिंकून. एवढ्या आदळआपटीत माणूस इतके वर्षं टिकते कसा? तो असं काय करत होता जे आपण करत नाही? माहीत असन त्यानं नीट सांगा, मले खरंच पाहिजे हाय.

दारव्हेकर

भाऊ मी शिकायला चार वर्षं मेलबर्नला होतो, त्याच्या बऱ्याच मॅच स्टेडियममध्ये बसून पाहिल्यात म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, तो पहिलवानी अंगाचा कधीच नव्हता आणि पळण्यातही फार तेज नव्हता. समोरून आला तर बँकेतला माणूस वाटेल. २००२ मध्ये दोन मॅच खेळला त्या हाफबॅक म्हणून, नंतर त्याला हूकर केलं आणि तिथंच त्याचं सगळं आयुष्य गेलं. हूकर म्हणजे काय तर प्रत्येक पकड झाली की पडलेला गडी उठून बॉल पायाने मागं सरकवतो, तो उचलून कोणाकडं द्यायचा, की स्वतः घुसायचं, की लाथ मारून लांब घालवायचा, हे एका क्षणात ठरवणारा माणूस. एका मॅचमध्ये असे कितीतरी निर्णय. स्मिथ बॉल उचलायच्या आधीच बघून ठेवायचा की समोरच्या रांगेत कोण दमलंय, कोण अजून गुडघ्यावरून उठतोय, आणि बरोब्बर तिथंच पास. त्याची टीम दमली असेल तर मुद्दाम खेळ हळू करायचा, समोरची टीम दमली की लगेच घाई. घड्याळच त्याच्या हातात आहे असं वाटायचं.

आणि तो आराम करत होता असं समजू नका. हूकरला पकडी सगळ्यात जास्त कराव्या लागतात, त्या लीगमध्ये सगळ्यात जास्त टॅकलचा विक्रम त्याचाच. फक्त एकटा अंगावर घेत नव्हता, दोघं तिघं मिळून, आपल्या साखळीसारखं. पॉइंटचा विक्रम पण त्याचाच, २७८६, त्यातले बरेचसे गोलच्या लाथेचे.

वाईट दिवस पण पाहिले त्यानं. २००८ ला बंदीमुळं फायनलला बाहेर बसला आणि टीम ४०-० ने हरली. २०१० मध्ये क्लबनं लीगनं घातलेली खेळाडूंच्या पगाराची मर्यादा ओलांडून गुपचूप पैसे दिल्याचं निघालं तर २००७ आणि २००९ ची दोन्ही विजेतेपदं काढून घेतली, वरून त्या सीझनमध्ये जिंकले तरी गुण नाहीत. तसं बिनगुणाचं महिनोन्महिने खेळणं, मला तर फायनल जिंकण्यापेक्षा ते अवघड वाटतं. पण तो तिथंच राहिला, मग २०१२, २०१७ आणि २०२० ला जिंकला. त्या शेवटच्या फायनलमध्ये हाफटाइमला २२-० होते, समोरच्या पेनरिथ टीमनं नंतर जीव काढला, शेवटी २६-२०.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे. २०१८ मध्ये त्यानं क्वीन्सलँड (त्याचं राज्य) आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळणं बंद केलं (क्वीन्सलँडकडून ४२, देशाकडून ५६ मॅच झाल्या होत्या) आणि फक्त क्लब ठेवला. म्हणजे खेळ नाही सोडला, ओझं उतरवलं. तुम्ही अजून रेडच का मारता? सोळा वर्षं रेड मारलेल्या माणसाला रेडर पाय कुठं टाकणार हे त्याच्या खांद्यावरून कळतं. पकडणाऱ्यांत कॉर्नरला, म्हणजे रांगेच्या टोकाला, उभे राहा ना.

हिंगणघाटचे_गुरुजी

३१ वर्षे शाळेत पी.टी. शिकवली, म्हणून थोडं वेगळं सांगतो. हा रग्बी लीग खेळ जन्मलाच मुळी मजुरीच्या भांडणातून. इंग्लंडच्या उत्तरेकडचे खाणकामगार, गिरणी कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांचा रोज बुडायचा. क्लब म्हणाले बुडलेला रोज भरून देऊ, वरचे साहेब लोक म्हणाले नाही, पैशासाठी खेळायचं नाही. मग २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि हे क्लब जुन्या रग्बीच्या संघटनेतून वेगळे झाले. त्यात ओल्डहॅम पण होतं, सूतगिरण्यांचं गाव. आपल्या वऱ्हाडातला कापूस ज्या लँकेशायरच्या गिरण्यांत जात होता ना, त्याच मुलखातली ती माणसं. हे वाचलं तेव्हापासून हा खेळ मला परका वाटत नाही.

बाळा, तुझ्या गुडघ्याइतकंच तुझ्या रोजाचं पण बघ. सामन्याला गेलास की वेचणीचा दिवस जातो, तर मंडळानं बक्षिसातून आधी तो रोज द्यावा, उरलेले पैसे मग वाटावे. हे मागायला लाजू नको.

पुसदची_कव्हर

सगळे खेळत राह्य म्हणून राहिले म्हणून मी लिहितो. दादा, त्या स्मिथजवळ डॉक्टर होता, फिजिओ होता, गवताचं ग्राउंड होतं, आन् खेळणं हीच त्याची नोकरी होती. आपण दिवसभर डवरणी करून रात्री लाईटात खेळतो, खाली मुरूम. माह्या भावाच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं, त्याले वाटलं लचक हाय, पट्टा बांधून तीन सामने खेळला. मंग दोन वर्षं वावरात खाली बसता नाही आलं त्याले, सोंगणीले माणसं लावा लागले. तुमचा गुडघा पायऱ्या उतरतानी सटकल्यासारखा होते काय? सुजते काय? होत असन तर पहिले हाडाच्या डॉक्टरले दाखवा, कॉर्नर आन् कव्हरचं मंग पाहू. कॉर्नरलेबी गुडघ्यावरच बसा लागते, विसरू नका.

आर्वीचा_रेडर

तई, पायऱ्या उतरतानी सटकते, खोटं नाही सांगत. हे मी घरी बी नव्हतो सांगितलं. सोमवारी वर्ध्याले जातो दाखवाले.

गुरुजी, रोजाचं आमच्या मंडळात आजवर कोणीच नव्हतं काढलं, पोळ्याच्या आधी बैठक हाय तिथं मांडतो, माह्यासाठी नाही तर ज्या पोट्ट्यायचे घरचे रोजावर हायेत त्यायच्यासाठी तरी. ज्यानं माहा पाय धरला तोबी मजुरीवालाच हाय म्हणतात.

दारव्हेकर भाऊ, डॉक्टर हो म्हणला तर डाव्या कॉर्नरले उभा राहीन, रेड त्या लहान पोट्ट्याईले. ते तिघं मिळून पकडतात त्याचा एखादा हळू केलेला व्हिडिओ असन तर टाका, पहिला हात कोण घालते आन् पाय कोण धरते हे मले नीट पाहाचं हाय.

दारव्हेकर

रात्री टाकतो. पहिला छातीला भिडतो, दुसरा हाताला, स्मिथ बहुतेक वेळा तिसरा, पायाशी. डॉक्टर काय म्हणाले ते इथंच लिहा.