इराकचं युद्ध खरंच तेलासाठी होतं का? आणि बिल कुणी भरलं?

सातरस्ता
मंडळी जरा मदत करा, घरात वाद पेटलाय. पप्पांचं टॉवेलचं छोटं युनिट आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आणि रात्री बातम्या लावल्या की त्यांचं ठरलेलं वाक्य, “हे सगळं तेलाचं राजकारण बाळा, २००३ ला पण तेलासाठीच इराक फोडला.” परवा माझा मित्र जेवायला होता, तो म्हणाला काका, तेलच पाहिजे होतं तर सद्दामवरचे निर्बंध उठवायचे, तो तर विकायला तयारच बसला होता की, त्यासाठी दीड लाख फौज कशाला पाठवायची? झालं, दोघं तासभर भांडले. मी तेव्हा शाळेत होतो, मला फक्त टीव्हीवर तो बगदादचा पुतळा साखळी लावून ओढताना आठवतोय.

तर नेमकं कशासाठी केलं हे, आणि त्याचा खर्च शेवटी कुणाच्या खिशातून गेला? व्हॉट्सॲप फॉरवर्ड नको प्लीज, माहिती असेल तरच लिहा.

कडक_भाकरी
दोघंही एकच कारण शोधायलेत बे, तिथंच गाडी अडकली. सरकार म्हणजे काय एक माणूस नसतो. त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला इराक वेगळ्या कारणासाठी पाहिजे होता. पुढं बुशचा संरक्षणमंत्री झालेला रम्सफेल्ड, त्याचा उपमंत्री वुल्फोवित्झ आणि त्यांच्या कंपूनं १९९८ लाच क्लिंटनला पत्र लिहिलं होतं की सद्दामला हटवा, म्हणजे ९/११ च्या तीन वर्षं आधी. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसनं इराकमधली सत्ता बदलणं हे आपलं धोरण असं कायद्यातच लिहून टाकलं, आणि सही क्लिंटनची, बुशची नाही. मग ९/११ झालं, लोक घाबरलेले, राग कुणावर तरी काढायचा होता, आणि यांची फाईल तयारच होती.

आता लोकांना सांगायला कारण पाहिजे. वुल्फोवित्झनं नंतर मुलाखतीत सांगितलंच की संहारक शस्त्रांचा मुद्दा पुढं केला कारण सगळ्या खात्यांचं एकमत होईल असं तेवढंच कारण होतं. ५ फेब्रुवारी २००३ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत छोटी काचेची कुपी हातात धरून बोलले, इराककडं ट्रकवर फिरणाऱ्या जैविक प्रयोगशाळा आहेत म्हणाले. ही माहिती आली कुठून? जर्मनीत आश्रय घेतलेल्या एका इराकी माणसाकडून, त्याचं टोपणनाव ‘कर्व्हबॉल’. जर्मन गुप्तचरांनाच त्याच्यावर भरवसा नव्हता, आणि २०११ ला त्यानं स्वतः कबूल केलं की मी खोटं बोललो. हान्स ब्लिक्स यांचे यूएनचे शस्त्र-निरीक्षक तेव्हा इराकमध्ये फिरतच होते, अजून काही महिने द्या म्हणत होते, नाही दिले. २००४ ला अमेरिकेच्याच पथकाचा अहवाल आला, शस्त्रसाठे नव्हते.

तेलाचं म्हणशील तर २००९ ला इराकनं तेलक्षेत्रांचे लिलाव केले तेव्हा रुमैलाचं सगळ्यात मोठं क्षेत्र ब्रिटनच्या बीपीला आणि चीनच्या सीएनपीसीला मिळालं, वेस्ट कुर्नाचा एक भाग रशियाच्या लुकॉइलला. एक्झॉनला दुसरा भाग मिळाला आणि पुढं तेही सोडून गेले. घर फोडणारा चोर दागिने शेजाऱ्याला देऊन परत जातो का? पण तेल नव्हतंच असंही म्हणू नको मित्राला. एप्रिल २००३ ला बगदाद पडलं तेव्हा म्युझियम लुटलं जात होतं, हजारो वर्षांच्या वस्तू पोत्यात भरून नेत होते, आणि अमेरिकन रणगाडे उभे होते कुठं तर तेल मंत्रालयाच्या दारात.

कुवेतवाल्याचा_भाचा
सगळे बुशला शिव्या घालायलेत, चालू द्या. पण सद्दाम काय साधा माणूस होता का ओ? माझे मामा सोलापूरहून कुवेतला गेले होते, एसी रिपेअरिंगचं काम. २ ऑगस्ट १९९० ला सकाळी उठले तर रस्त्यावर इराकी रणगाडे. सद्दामनं नंतर जाहीर केलं की कुवेती दिनार आणि इराकी दिनार सारखेच, म्हणजे मामांनी जोडलेल्या पैशाची एका दिवसात रद्दी झाली. मग बसनं बगदाद, तिथून जॉर्डनच्या वाळवंटात तंबूत, आणि अम्मानहून एअर इंडियानं मुंबई. पावणेदोन लाखाच्या आसपास भारतीय आणले तेव्हा, नुसत्या विमानांनी. मामी सांगते, घरी आले तेव्हा हातात एक पिशवी आणि पायात दुसऱ्याची चप्पल.

आणि १९८८ ला हलब्जात स्वतःच्या देशातल्या कुर्दांवर विषारी गॅस टाकला त्याचं काय? असला माणूस गेला तर वाईट काय झालं? पद्धत चुकली म्हणा, पण माणूस जायलाच पाहिजे होता, मी तर हेच म्हणणार.

कडक_भाकरी
भाऊ मामांचं दुःख मान्य. पण हलब्जा झालं तेव्हा अमेरिका कुणाच्या बाजूनं होती? इराणच्या विरोधात सद्दामच्याच. १९८३ ला रम्सफेल्डनं बगदादला जाऊन त्याच्याशी हात मिळवलेला व्हिडिओ आहे, बघ एकदा. १९८८ ला गप्प आणि २००३ ला एकदम कुर्दांचा कळवळा, म्हणून म्हणतोय की ते कारण नव्हतं, ती सोय होती.

आणि एक विचारतो, मामांना नुकसानभरपाई मिळाली का?

कुवेतवाल्याचा_भाचा
हो मिळाली, काही वर्षांनी, यूएनकडून. फॉर्म भरायला लई हेलपाटे घातले म्हणतात. का?

कडक_भाकरी
ते पैसे इराकच्या तेलविक्रीतून कापून घेतलेले होते. यूएननं त्यासाठी वेगळा आयोग नेमला होता. सद्दाम २००३ ला गेला, २००६ ला फासावर चढला, पण हप्ते चालूच राहिले, इराकनं शेवटचा हप्ता २०२२ ला भरला. एकूण ५,२४० कोटी डॉलर. म्हणजे सद्दामच्या पापाचं बिल ज्या पोरांनी त्याला बघितलं पण नाही त्यांनी फेडलं. मामांना मिळालं ते त्यांच्या हक्काचंच होतं, त्यात वाद नाही. मी फक्त सांगतोय की पैसा कुठून आला.

निवृत्त_मास्तर
तुम्ही सगळे २००३ पासून सुरुवात करताय. थोडं मागं जा. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ ला इंग्रजांनी बसऱ्याला फौज उतरवली ती होती पुणे डिव्हिजन, म्हणजे आपलीच माणसं, त्यात मराठा पलटणी होत्या. कशाला? इराणच्या आबादानला अँग्लो-पर्शियन कंपनीची रिफायनरी होती आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारनं त्या कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला होता, कारण नौदल कोळशावरून तेलावर चाललं होतं. बसरा हातात आल्यावर थांबायचं ना, तर नाही, बगदाद घ्यायची हाव सुटली. डिसेंबर १९१५ ला इंग्रजांचा जनरल टाऊनशेंड इराकमधल्या कुत-अल-अमाराला अडकला. जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा. रसद संपली, मग घोडे कापायला लागले. आपल्या शिपायांनी सुरुवातीला घोड्याचं मटण खायला साफ नकार दिला, त्यांच्या मनाला पटेना, आणि भाजीपाला नाही म्हणून स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. तिथून वाळवंटातून पायी नेले, त्यात आणि पुढं कैदेत हजारो मेले. टाऊनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात आरामात.

आणि पुढच्या वर्षी, मार्च १९१७ ला, बगदाद घेतल्यावर जनरल मॉडनं जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नाही, तुम्हाला मुक्त करायला आलोय. २००३ ला टीव्हीवर तेच ऐकलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, हे भाषण छापून ठेवलेलं असतं यांच्याकडं.

आपल्या सोलापूरपुरतं सांगायचं तर भैय्या चौकातून जाता-येता डॉ. कोटणीसांचं स्मारक बघता ना सगळे? तेही १९३८ ला परक्या युद्धातच गेले होते, चीनला, जपानच्या आक्रमणाच्या वेळी. पण बंदूक घेऊन नव्हते गेले, औषधाची पेटी घेऊन गेले आणि १९४२ ला तिथंच वारले. परक्याच्या युद्धात जायचे दोन्ही प्रकार या जिल्ह्यानं बघितलेत.

नवीपेठ_पोरगा
मास्तर एवढं इतिहासाच्या तासाला कुणी शिकवलं असतं तर मी पास झालो असतो ओ 😄

लूमवाला_चिंचोळी
खर्चाचं कुणीच नीट बोलंना म्हणून लिहितो. सप्टेंबर २००२ ला बुशचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे म्हणाले, या युद्धाला १० ते २० हजार कोटी डॉलर लागतील. रम्सफेल्ड म्हणाले ५ हजार कोटीच्या आत भागेल. लिंडसेंना डिसेंबरात राजीनामा द्यावा लागला. लष्करप्रमुख शिनसेकी म्हणाले ताबा ठेवायला काही लाख सैनिक लागतील, तर वुल्फोवित्झनं त्यांना उडवून लावलं, वर म्हणाले इराक स्वतःच्या तेलातून स्वतःची उभारणी करेल. २००८ ला अर्थतज्ज्ञ स्टिग्लिट्झ आणि बिल्म्झ यांनी जखमी सैनिकांची आयुष्यभराची पेन्शन, दवाखाना, कर्जावरचं व्याज सगळं धरून हिशोब मांडला तर ३ लाख कोटी डॉलर! आणि हे सगळं उधारीवर, कारण बुशनं २००३ च्या मे महिन्यात, युद्ध चालू असताना, टॅक्स कमी केला. बिल पुढच्या पिढीच्या नावावर फाडलं.

माणसांचं बघा. अमेरिकेचे साडेचार हजाराच्या आसपास सैनिक गेले, ३२ हजार जखमी. इराकमध्ये बातम्या आणि दवाखाने-शवागारांच्या नोंदींवरून मोजलेले साधे नागरिकच १ लाख ८० हजाराच्या वर, आणि ही फक्त नोंद झालेली. मे २००३ ला इराकवर अमेरिकेनं नेमलेला प्रशासक ब्रेमरनं एका फटक्यात अख्खं इराकी सैन्य बरखास्त केलं, लाखो माणसं, हातात बंदूक आणि घरी पगार नाही. त्यातलेच कित्येक अधिकारी पुढं आयसिस या दहशतवादी संघटनेत दिसले. २०१४ ला इराकच्या मोसुलमध्ये आपले ३९ मजूर त्यांनीच मारले, पंजाब, बिहार, हिमाचल, बंगालची पोरं, बांधकामावर गेलेली. घरच्यांना २०१८ पर्यंत कळलं पण नव्हतं की ते जिवंत आहेत का.

आमच्या धंद्याचं थोडं सांगतो. २००३ च्या मार्चमध्ये आमच्या एका गल्फच्या पार्टीनं माल होल्डवर टाकला, शिपिंगवाल्यांनी वॉर रिस्क सरचार्ज (युद्धाच्या धोक्याचा जादा आकार) लावला, टॉवेल गोडाऊनमध्ये, यार्नवाल्याचं पेमेंट डोक्यावर. २००८ च्या जुलैत क्रूड १४७ डॉलर झालं, तेव्हा लोडशेडिंग पण जोरात, जनरेटरला डिझेल, डाईज-केमिकलचे भाव वेगळेच. आता ते १४७ सगळं इराकमुळं असं मी म्हणत नाही, चीनची मागणी होती, सट्टा होता, पण इराकचं तेल नीट बाजारात आलं असतं तर फरक पडला असता असं माझं मत.

एक चांगलं झालं ते पण लिहितो. अमेरिका आपल्याकडं एक आख्खी डिव्हिजन मागत होती, साधारण १७ हजार जवान. ८ एप्रिल २००३ ला लोकसभेत युद्धाच्या विरोधात ठराव झाला, अध्यक्ष तेव्हा आपले मनोहर जोशी, आणि १४ जुलैला वाजपेयी सरकारनं कळवलं की यूएनचा स्पष्ट आदेश नसेल तर आमचं सैन्य येणार नाही. दिल्लीत जायला पाहिजे म्हणणारे पण कमी नव्हते. मास्तर, तुमचं ते कुत पुन्हा झालं असतं बघा.

सातरस्ता
एवढं सगळं पप्पांना वाचून दाखवलं. २००९ च्या लिलावावर थोडे गप्प झाले, मग म्हणाले, “बरं तेल नाही तर कंत्राटं. हॅलिबर्टनचं विचार त्यांना.”

लूमवाला_चिंचोळी
काका पॉइंटाचं बोलले. उपाध्यक्ष डिक चेनी १९९५ ते २००० हॅलिबर्टन या तेलक्षेत्राची कामं करणाऱ्या अमेरिकन कंपनीचे सीईओ. तिच्या केबीआर कंपनीला इराकच्या तेलविहिरींचं काम विनाटेंडर मिळालं. डिसेंबर २००३ ला पेंटॅगॉनच्याच, म्हणजे अमेरिकन संरक्षण खात्याच्या, ऑडिटरनी काढलं की कुवेतहून इराकमध्ये पेट्रोल आणून देण्यात ६ कोटी डॉलरपर्यंत जादा आकारलेत. जगातल्या सगळ्यात मोठ्या तेलसाठ्यांपैकी एकावर बसलेला देश, आणि पेट्रोल बाहेरून टँकरनं, ते पण चढ्या भावानं.

कडक_भाकरी
ऑडिटचं बरोबर आहे. पण फायदा झाला म्हणजे त्यासाठीच युद्ध केलं असं सिद्ध होत नाही ना.

लूमवाला_चिंचोळी
नाही होत. पण हे बघ, ज्यानं खर्च खरा सांगितला तो लिंडसे घरी बसला. आणि इराक स्वतःचा खर्च स्वतः भागवेल म्हणणारा वुल्फोवित्झ २००५ ला कुठं गेला माहितीये? वर्ल्ड बँकेचा अध्यक्ष झाला.