दोन पालिकांची एक झाली, तर 'विलीनीकरण' की 'एकत्रीकरण'?

अळूवडी
एका लेखाचं भाषांतर करतेय आणि अडलेय. लेख जपानमधल्या नगरपालिकांवर आहे. १९९९ ते २०१० या काळात तिथे शेजारच्या पालिका एकमेकींना जोडायचा धडाका चालला होता. ३,२३२ होत्या, त्यांच्या १,७२७ उरल्या. जपानीत या सगळ्याला 'गाप्पेइ' म्हणतात, पण कायद्यात त्याचे दोन प्रकार आहेत. 'शिनसेत्सु गाप्पेइ'मध्ये सगळ्या जुन्या पालिका संपतात आणि कोरी नवी तयार होते. 'हेन्न्यू गाप्पेइ'मध्ये एक जागच्या जागी राहते आणि दुसरी तिच्यात जाते. साइतामा शहरात दोन्ही झालं. २००१ मध्ये उरावा, ओमिया आणि योनो मिळून साइतामा झालं, आणि २००५ मध्ये इवात्सुकी त्यात गेलं.
मी पहिल्याला 'एकत्रीकरण' आणि दुसऱ्याला 'विलीनीकरण' लिहिलं होतं. संपादकांनी दोन्हीकडे 'विलीनीकरण' करून परत पाठवलं. शेरा: 'मराठीत विलीनीकरणच म्हणतात.' खरंच म्हणतात का?

जुना मिरजकर
म्हणतात, आणि योग्यच म्हणतात. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. कागदावर हा तुमचा पहिला प्रकार. पण मुख्यालय सांगलीत, कारण जिल्ह्याचं ठिकाण सांगली. आमचे वडील शेवटपर्यंत 'मिरज सांगलीत घातली' असंच म्हणायचे. आणि हे सांगलीकर पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेतूनच फुटून गेले होते, बरं का. ज्याला घरपट्टीच्या तक्रारीसाठी दुसऱ्या गावाला जावं लागतं, त्याच्या लेखी ते विलीनीकरणच.

पावशेर
'मिरज सांगलीत घातली'! अळूवडीताई, हेच छापा.

व्याकरणवेडा
आधी धातू बघू. 'ली' म्हणजे चिकटणे, टेकणे, विरघळणे. लय, प्रलय, विलय, आलय सगळी त्याचीच पोरं. आलय म्हणजे जिथे जाऊन टेकायचं ती जागा, आणि विलय म्हणजे टेकता टेकता नाहीसं होणं. म्हणजे विलीन व्हायला कुणाततरी व्हावं लागतं. तिघी एकाच वेळी संपून चौथी जन्मली, तर तिथे 'विलीन' बसतच नाही. अळूवडी यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे.
मात्र 'एकत्रीकरण' हा शब्द मला खटकतो. 'एकत्र' म्हणजे 'एके ठिकाणी', ते अव्यय. त्याला 'ईकरण' कसं लावता? शुद्ध रूप 'एकीकरण'.

सोलापुरी चटणी
म्हणजे 'एकीकरण पावती' फाडायची का आता? महाराष्ट्रभर 'एकत्रीकरण' चालतंय, सरकारी कायद्याच्या नावात आहे. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा काढून बघा, 'धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबत'. श्वास लागतो, पण शब्द आहे.

वाईकर
तोच तर घोळ आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात 'एकत्रीकरण' म्हटलं की लोकांना जमीनच आठवते. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले ते त्यातच. आमची आजी 'एकत्रीकरणात विहिरीकडचा तुकडा गेला' हे अशा सुरात सांगायची, की मला लहानपणी तो दुष्काळासारखा काहीतरी प्रकार वाटायचा. तेव्हा संपादकांना वाटत असेल की 'एकत्रीकरण' निरुपद्रवी शब्द आहे, तर तसं काही नाही.

माडाखाली
मी गोव्याचा. इथे 'विलीनीकरण' हा शब्द वापरताना जरा जपून. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा, महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं. जाणाऱ्यांची निशाणी फूल आणि राहणाऱ्यांची दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. त्या काळी ज्यांनी भिंती रंगवल्या त्यांच्या घरात 'विलीनीकरणवादी' अजूनही पक्षाचं नाव घ्यावं तसं म्हणतात, बाजूप्रमाणे कौतुकानं नाहीतर शिवी म्हणून. मूळ प्रश्नाशी संबंध इतकाच, की जो मोठा असतो त्यालाच हा शब्द गोड वाटतो.

पावशेर
हे काही खरं नाही. २०२१-२२ चा एस. टी. चा संप आठवा. कामगार स्वतःच 'विलीनीकरण झालंच पाहिजे' म्हणून महिनोन् महिने बसले होते. तिथे लहानालाच मोठ्यात जायचं होतं.

माडाखाली
कारण तिथे पगार होता. ग्रामपंचायतीला महापालिकेत जाऊन काय मिळतं? वाढीव पट्टी.

सोलापुरी चटणी
आमच्याकडे तिसराच शब्द आहे आणि तो कुणाला सुचत नाही याचं आश्चर्य वाटतं. हद्दवाढ. सोलापूरची हद्दवाढ १९९२ मध्ये झाली, आजूबाजूची गावं आत आली. आजही तिकडच्या वस्त्यांना 'हद्दवाढ भाग' म्हणतात. रिक्षावाला विचारतो, 'शहरात का हद्दवाढमध्ये?' तिथे जन्मलेली पोरं बापे झाली, तरी ती हद्दवाढच! शिवाय आमच्याकडे 'जुळे सोलापूर' आहे, आणि जुळं असूनही त्याला स्वतःची पालिका नाही. या शब्दांच्या नादी लागू नये.

व्याकरणवेडा
हद्द अरबी आणि वाढ मराठी. धेडगुजरी.

सोलापुरी चटणी
दप्तर, तारीख, हरकत, अर्ज, जप्ती, वसुली. यातलं काय काय सोडणार? हद्दवाढीला गावकरी 'हरकत' घेतात. 'आक्षेप' घेतला तर कारकून वर बघणार नाही.

व्याकरणवेडा
चालतं म्हणून शुद्ध होत नाही. 'महापौर' हा शब्द सावरकरांनी दिला तेव्हाही लोक हसलेच असतील. आज 'मेयर' कोण म्हणतं?

पावशेर
आणि १९६२ चा पदनाम कोश आला तेव्हा त्याला 'बदनाम कोश' म्हणून हसले, त्यातले अर्धे शब्द आज फायलींतच राहतात. दोन्ही बाजूंचे दाखले मिळतात, काका.

सकाळची ७.१२
हद्दवाढ, समावेश, वगळणे. या तिन्ही शब्दांवर आम्ही पी.एच.डी. केली आहे. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये झाली तेव्हा २७ गावं आत. २००२ मध्ये बाहेर. २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यातली १८ बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करायची ठरली, ते वर्ष संपायच्या आत हायकोर्टानं रद्द केलं. सरकारी कागद कायम म्हणतात 'समाविष्ट करणे' आणि 'वगळणे'. विलीनीकरण हा शब्द अधिसूचनेत मी तरी पाहिलेला नाही. तो पेपरवाल्यांचा. आणि गावात विचाराल तर 'आमचं गाव गेलं' म्हणतात. जमीन धरणात जाते तसं.

भटका
शब्दासाठी कागद कशाला, नद्या बघा. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते आणि पुढे कृष्णाच. कोयना विलीन. पुण्यात मुळा आणि मुठा भेटतात आणि पुढे मुळा-मुठा. दोघी नांदतात. आणि कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती (आणि गुप्त सरस्वती) मिळून नवंच नाव, पंचगंगा. तीन प्रकार झाले. ताईंचं साइतामा हे पंचगंगा.

अळूवडी
वा! भटका, तुमच्या तीन नद्यांनी माझं अर्धं काम केलं. कारण मला जपानीत नाव घडवायच्या तऱ्हाही समजावून द्यायच्या आहेत. तोक्योत ओमोरी आणि कामाता हे दोन भाग १९४७ मध्ये एक झाले तेव्हा दोन्ही नावांतलं एकेक अक्षर उचलून 'ओता' केलं. साइतामात तिघांपैकी कुणाचंच नाव घेतलं नाही, शिवाय लिहिलं ते कांजीत, म्हणजे चिनी अक्षरांत नाही, तर हिरागाना या जपानी उच्चारलिपीत. आपल्याकडे असं काही झालंय?

भटका
आपल्याकडे सगळं मुळा-मुठा. पिंपरी-चिंचवड, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, नांदेड-वाघाळा, भिवंडी-निजामपूर. कुणाचं नाव गाळायची हिंमत नाही, म्हणून आडवी रेघ मारायची.

जुना मिरजकर
रेघ कागदावर. सांगली-मिरज-कुपवाड हे पूर्ण नाव बोलताना कोण घेतं? सगळे 'सांगली महापालिका' म्हणतात. मुळा-मुठा दिसते, पण आत कृष्णा-कोयनाच आहे.

पावशेर
आणि पिंपरी-चिंचवडला सगळे 'पीसीएमसी' म्हणतात, तिथल्या पीएमपीच्या कंडक्टरसकट. शुद्धिवाद्यांनी यावर काहीतरी बोलावं.

व्याकरणवेडा
बोललो असतो, पण आपण 'पालिका' म्हणतोय तेच आधी सुधारू. १९६५ च्या अधिनियमात 'नगरपरिषद' आहे. 'नगरपालिका' हे आता जुनं झालं. मूळ लेखात लहान शहर असेल तर 'नगरपरिषद' आणि मोठं असेल तर 'महानगरपालिका' हवं.

वाईकर
जिथे 'नगरपरिषद' अशी पाटी आहे तिथेही चहावाला 'नगरपालिकेसमोर' असाच पत्ता सांगतो. माझे आजोबा तर 'मुन्शिपालटी' म्हणायचे आणि वर व्युत्पत्ती द्यायचे: जिथे मुन्शी पालटत राहतात ती मुन्शिपालटी. कारकुनांच्या बदल्यांवर राग होता त्यांचा.

व्याकरणवेडा
ही व्युत्पत्ती नव्हे.

वाईकर
पण बदल्या खऱ्या होत्या.

सकाळची ७.१२
अळूवडी, एक मुद्दा राहिला. गावं आत घेतली की ग्रामपंचायतीच्या शिपायांचं, वॉटरमनचं काय होतं? त्यासाठी सरकारी शब्द आहे 'समावेशन'. गावाचा समावेश, माणसांचं समावेशन. पदांचा आकृतिबंध मंजूर होईपर्यंत ते लटकत असतं. 'हेन्न्यू'साठी 'समावेशन' कसं वाटतं?

अळूवडी
छान आहे! गंमत म्हणजे जपानीत एखादा विद्यार्थी एका कॉलेजातून दुसऱ्यात मधल्याच वर्षाला प्रवेश घेतो, तेव्हाही 'हेन्न्यू'च म्हणतात. म्हणजे माणसालाही चालतं, गावालाही. मग असं करू का: 'गाप्पेइ'ला सरसकट 'एकत्रीकरण', त्यात 'शिनसेत्सु' म्हणजे 'नवनिर्मितीने' आणि 'हेन्न्यू' म्हणजे 'समावेशाने'?

व्याकरणवेडा
एकीकरण.

माडाखाली
'सामिलीकरण' का नको? संस्थानांच्या वेळी 'सामीलनामा' होता. आधी सामील व्हायचं आणि मग विलीन. दख्खनची संस्थानं ८ मार्च १९४८ ला विलीन झाली, त्याआधी सामीलनाम्यावर सह्या झाल्या होत्याच. दोन पायऱ्या, दोन शब्द. तेव्हाच्या लोकांना हा फरक नीट कळत होता.

व्याकरणवेडा
शामिल अरबी, त्याला संस्कृतचं शेपूट. हे तर हद्दवाढीपेक्षा वाईट.

सोलापुरी चटणी
सगळ्यांनी ऐका, काकांची तब्येत सांभाळा.

फुरसुंगीकर
उशिरा येतोय. सगळे आत जायचे शब्द शोधताय, बाहेर पडायचा शब्द सांगा की. आम्हाला २०१७ मध्ये पुणे महापालिकेत घेतलं आणि २०२४ मध्ये बाहेर काढून वेगळी नगरपरिषद दिली. याला काय म्हणायचं?

सकाळची ७.१२
वगळणे. त्या बाबतीत आम्ही तुम्हाला सीनियर आहोत.

फुरसुंगीकर
'वगळले' म्हणजे आम्ही यादीतून गळालो. आम्हाला तर हवं होतं ते.

पावशेर
'विलगीकरण' छान बसतं, विलीनीकरणाला यमकही जुळतं.

वाईकर
तो शब्द कोरोनानं नेला. 'फुरसुंगीचं विलगीकरण' वाचून लोक मास्क शोधतील.

माडाखाली
'फारकत' म्हणा. अरबी आहे हे मीच सांगून टाकतो.

व्याकरणवेडा
'विभाजन' आहे की. सरळ, शुद्ध.

सकाळची ७.१२
विभाजन म्हणजे एकाचे दोन सारखे तुकडे. पुण्यातून दोन गावं गेली तर पुण्याचं विभाजन झालं म्हणाल का? आमच्याकडे विभाजन जिल्ह्याचं होतं, ठाण्यातून पालघर निघाला तेव्हा झालं ते.

जुना मिरजकर
शेजारी कर्नाटकात बघा. हुबळी-धारवाड १९६२ पासून एकत्र, आणि आता जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं धारवाडच्या वेगळ्या महापालिकेला मंजुरी दिली. मिरजेतले दोनचार जण तेव्हापासून रोज पेपर बारकाईनं वाचतात.

फुरसुंगीकर
आमच्या नव्या नगरपरिषदेचं नाव 'फुरसुंगी-उरुळी देवाची'. त्यातही पहिलं कोण यावरून चहाच्या टपरीवर अजून होतंच.

भटका
रेघ तर मिळाली ना.

परतवाडा पोस्ट
रेघ तरी मिळाली तुम्हाला. आमच्याकडे अचलपूर आणि परतवाडा ही जुळी शहरं, पण नगरपरिषद एक आणि नाव एकट्या अचलपूरचं. बाजार परतवाड्यात, एस. टी. परतवाड्याची, कर भरायचा अचलपूरला. अमरावतीत कुणी विचारलं तर आम्ही परतवाडाच सांगतो. वरच्या साऱ्या शब्दांपैकी आमच्यासाठी कोणता ते काका सांगतील.

व्याकरणवेडा
लोप.