शेरूचा एक क्लेम पास, एक नामंजूर

ए-४०१: आमच्या मांजरीसाठी, मनीसाठी, विमा घ्यायचा विचार चाललाय. माहितीपत्रकात 'संपूर्ण संरक्षण' लिहिलंय. ग्रुपमध्ये कुणाचा अनुभव आहे का? क्लेम खरंच मिळतो?

बी-२०३: ताई, आमच्या कुत्र्याचे, शेरूचे, आम्ही दोन क्लेम केले. मोजा गिळला होता तेव्हाचा लगेच पास झाला. गुडघ्याचा नामंजूर झाला, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

त्याच्या मागच्या उजव्या पायाचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन करावं लागलं. पॉलिसीला तेव्हा आठ महिने झाले होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण पॉलिसी घेण्याआधी लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळ लिहिली होती, 'मागचा उजवा पाय किंचित लंगडतो.' आम्ही ते विसरूनही गेलो होतो. कंपनीने दवाखान्यातून जुन्या नोंदी मागवल्या आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

सी-१०२: पण तेव्हा निदान कुठे झालं होतं? हे काही बरोबर नाही.

बी-२०३: काका, मीही हेच भांडले. मग 'आधीपासूनचा आजार' याची व्याख्या वाचली. त्यात निदान नाही, 'लक्षणं दिसणं' असे शब्द आहेत. शिवाय एका गुडघ्याला आधी त्रास असेल तर दुसराही धरत नाहीत, असं कलम होतं. म्हणजे डावा पायही गेला. फार वाईट वाटलं होतं.

डी-५०४: परतावा ८० टक्के म्हणतात, तो पूर्ण बिलाच्या का?

बी-२०३: नाही दादा, ठरावीक वजावट आपल्यालाच सोसावी लागते. बिल १०० धरा, वजावट २०. वजावट आधी काढली तर उरलेल्या ८० चे ८० टक्के, म्हणजे ६४ मिळतात. आधी टक्के काढून मग वजावट केली तर ६०. क्रम पॉलिसीत लिहिलेला असतो. वजावट वर्षातून एकदा की प्रत्येक आजाराला, तेही बघा.

ए-४०१: आणि वेटिंग पिरियड?

बी-२०३: म्हणजे पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचा जो काळ क्लेम मिळत नाही तो. अपघाताला कमी, आजाराला जास्त. गुडघ्या-खुब्याला कुठे कुठे त्याहून मोठा. त्या काळात दिसलेलं लक्षणही पुढे आधीचंच धरतात. लस, नसबंदी वगैरे नेहमीचा खर्च साध्या पॉलिसीत नसतो.

डी-५०४: दवाखान्याला पैसे कंपनी देते?

बी-२०३: बहुतेक वेळा आधी आपणच भरायचे, मग परतावा. त्यामुळे हाताशी पैसे लागतातच. ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर आधी लेखी मंजुरी घ्या. आणि बिलावर तपासणी, औषध, भूल सगळं वेगवेगळं लिहून घ्या. नुसती एकूण रक्कम असली की प्रश्न सुरू होतात. मोज्याच्या वेळी एक्स-रे आणि केसपेपर सोबतच जोडले होते, काही विचारलंच नाही.

ए-४०१: अगं, मनीला दोन वर्षांपूर्वी लघवीचा त्रास झाला होता. आता अगदी ठणठणीत आहे.

बी-२०३: मग तो फॉर्मवर लिहाच, लपवू नका. नोंदीत सापडतोच. बऱ्या होणाऱ्या आजारांत ठरावीक काळ लक्षण नसेल तर काही कंपन्या तो पुन्हा विम्यात धरतात. हप्ता भरण्याआधी मेलवर हाच प्रश्न विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

ए-४०१: आज संध्याकाळी दवाखान्यातून तिचे सगळे केसपेपर आणते. एकदा माझ्यासोबत बसून वाचशील?

बी-२०३: हो, आठनंतर या.