लेबर पक्षाला मत दिलं होतं. आता आत राहून भांडू की बाहेर पडू?

मिरजेची_केअरर, लेस्टर (७ डिसेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये केअररच्या व्हिसावर इथे इंग्लंडमध्ये आले. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करते. आपला पासपोर्ट भारतीय असला तरी कॉमनवेल्थवाले म्हणून इथे मत देता येतं. ४ जुलै २०२४ ला सकाळची फेरी उरकून निवडणुकीत लेबरला मत दिलं, सरकार त्यांचंच आलं, आणि त्याच आठवड्यात मी पक्षाची सभासदही झाले.

महिन्याच्या आत या सरकारनं विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे म्हाताऱ्यांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला मिळणारे पैसे, बहुतेकांचं बंद करायचं ठरवलं. माझ्या फेरीत ८३ वर्षांच्या एक आजी होत्या. उत्पन्न पेन्शन क्रेडिटच्या (गरीब पेन्शनरांच्या भत्त्याच्या) मर्यादेच्या जेमतेम वर, म्हणून त्यांचे ३०० पौंड गेले. जानेवारीत सकाळी सातला दार उघडलं की त्या अंगात कोट घालून पलंगाच्या कडेला बसलेल्या असायच्या. हीटर लावू का म्हटलं तर म्हणायच्या, "तुला थंडी वाजत असेल तर लाव, जाताना बंद कर." यंदा जूनमध्ये सरकारनं निर्णय फिरवला, पण तो हिवाळा त्यांनी तसाच काढला.

त्याआधी मे महिन्यात पंतप्रधान स्टार्मर म्हणाले, स्थलांतराला नियम नसतील तर देश 'अनोळखी लोकांचं बेट' होण्याचा धोका आहे. नंतर त्यांनी खेद व्यक्त केला, पण २२ जुलैपासून परदेशातून केअरर आणणं बंदच झालं. आणि २० नोव्हेंबरला गृहमंत्री शबाना महमूद यांचा प्रस्ताव आला: पीआरला (कायम राहण्याच्या परवानगीला) ५ ऐवजी १० वर्षं, आमच्यासारख्या केअररना १५. आधीच आलेल्यांनाही लागू करायचा विचार आहे. पगार १,२५,१४० पौंड असेल तर मात्र ३ वर्षांत! मी २०२७ ला अर्ज करणार होते, ते आता २०३७. आधीच्या सरकारातल्या कन्झर्व्हेटिव्हांनी हे केलं असतं तर राग आला असता. माझ्याच मतानं आलेल्या सरकारनं केलं, ते फार लागलंय.

लेबरची वर्गणी बंद करून ग्रीन पक्षाकडे जाऊ का?

हॅरोचे_काका

ताई, सोडू नका. जुलै २०२४ मध्ये दोन मुलांच्या मर्यादेविरुद्ध (सरकारी मदत पहिल्या दोनच मुलांसाठी, या नियमाविरुद्ध) मत दिलं म्हणून सात खासदारांना पक्षानं निलंबित केलं. परवाच्या बजेटमध्ये तीच मर्यादा एप्रिल २०२६ पासून रद्द केली. अपंगांच्या भत्त्यातल्या कपातीचंही बघा. १२० हून जास्त लेबर खासदारांनी विरोधात सह्या केल्या आणि १ जुलैला चर्चा चालू असतानाच सरकारला कपातीचं कलम मागे घ्यावं लागलं. तरीही लेबरचे ४९ जण विधेयकाच्या विरोधात गेले. हे सगळं आतल्या माणसांनी केलं.

पुणेकर_मिल्टन_कीन्स

माझं थोडं वेगळं मत आहे. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) ९ लाखांवर गेलं होतं. कुठल्याही सरकारला ते कमी करावंच लागलं असतं. रनकॉर्नच्या पोटनिवडणुकीत लेबरची जागा स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षानं ६ मतांनी घेतली, मग सरकार घाबरणारच. पण आलेल्या माणसाचा नियम मध्येच बदलणं हा अन्याय आहे, त्यात मी ताईंच्या बाजूनं.

वॉर्डवरची_सातारकरीण

दादा, तो आकडा जून २०२५ पर्यंतच्या वर्षात २ लाख ४ हजारांवर आला, तरी सर्व्हेत रिफॉर्मच पुढे. त्यांचंच बरोबर आहे असं सरकार रोज सांगायला लागलं तर लोक मत कुणाला देतील?

मी नर्स, म्हणून प्रस्तावात मला पीआरला ५ वर्षंच. केअररला १५. आमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या बेडवरचे आजोबा तीन आठवड्यांपूर्वीच बरे झालेत. घरी दिवसातून चार वेळा जाणारी माणसं मिळत नाहीत, म्हणून डिस्चार्ज अडलाय. रोज सकाळी बॅग भरून बसतात. ताई ज्या कामाला जातात ते काम नसेल तर माझा वॉर्डही चालत नाही. मी तुमच्या जागी असते तर पक्ष सोडला असता, खरं सांगते.

मिरजेची_केअरर

सगळ्यांचे आभार. काका, सध्या सभासद राहते. या प्रस्तावावर १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत मतं मागवली आहेत, तोवर तरी. शुक्रवारी खासदारांच्या सर्जरीत, म्हणजे ते मतदारांना भेटतात तेव्हा, वेळ मिळालीय. आजींचा कोट आणि माझं २०३७, दोन्ही सांगणार आहे. सातारकरीणताई, त्या आजोबांचं नाव न घेता सांगितलं तर चालेल ना? पत्राचा मसुदा उद्या रात्री इथे टाकते. माझं इंग्रजी कुणी तपासून द्याल का?