केनियात गेंडे पाहायचे आहेत: ओल पेजेता, सोलिओ की आणखी कुठे?

पायवाट
फेब्रुवारीत पुण्याहून पाच जण केनियाला निघतोय. आम्ही दोघं, मुलगा (वय ९), सासरे (७१) आणि सासूबाई (६६). मसाई माराच्या तीन रात्री ठरल्या आहेत. गेंड्यांसाठी वेगळं, खासगी अभयारण्य करायचं आहे. टूरवाला म्हणतो, ओल पेजेता नैरोबीहून सकाळी निघून रात्री परत, असं होतं. खरंच होतं का? शेवटचे दोन उत्तरी पांढरे गेंडे तिथेच आहेत, ते सर्वांना पाहू देतात का? आणि सोलिओचं नावही ऐकलंय, त्यात आणि यात फरक काय? ज्येष्ठांना झेपेल अशा बेताने सांगा.

नैरोबीकर
होतं, पण करू नका. नैरोबी ते नान्युकी (ओल पेजेताजवळचं गाव) साधारण २०० किमी. थिका, करातिना, नारो मोरू असा रस्ता, चार तास धरा. पहाटे पाचला निघालात तरी गेटवरचे सोपस्कार होईपर्यंत साडेनऊ वाजतात. काळे गेंडे तोवर झुडपात शिरलेले असतात. परतीसाठी तीनला निघावं लागतं, म्हणजे संध्याकाळचा वेळही हातचा जातो. प्रवेशशुल्क पूर्ण भरायचं (परदेशी प्रौढाला दिवसाला शंभर डॉलरच्या आसपास, गाडीचं वेगळं) आणि वाट्याला येते ती दुपार. वर सत्तरीच्या माणसाला एका दिवसात आठ तास गाडीत बसवायचं. दोन रात्री मुक्काम करा. पहिल्या दिवशी दुपारी पोचून संध्याकाळची फेरी, दुसरा पूर्ण दिवस आणि तिसऱ्या दिवशी पहाटेची फेरी मिळते. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि चार ते साडेसहा, पाहायच्या वेळा याच.

ओल पेजेता सुमारे ३६० चौ. किमी आहे आणि तिथे दीडशेहून जास्त काळे गेंडे आहेत. पूर्व आफ्रिकेत एका जागी एवढे कुठेच नाहीत. शिवाय दक्षिणी पांढरे आहेत. नाजिन आणि तिची लेक फातू या उत्तरी पांढऱ्या गेंड्यांसाठी साधारण ७०० एकरांचं वेगळं आवार आहे, चोवीस तास पहारा असतो. ती भेट प्रवेशशुल्कात धरलेली नसते. वेळा ठरलेल्या, जागा मोजक्या, आगाऊ आरक्षण लागतं. टूरवाले बहुतेकदा इथेच चुकतात. 'तिथे गेल्यावर बघू' म्हणतात आणि गेटवर कळतं की आजच्या जागा भरल्या. आरक्षणाची लेखी पोच मागून घ्या.

पैसे रोख घेत नाहीत. कार्ड किंवा एम-पेसा (मोबाइलवरून पैसे द्यायची केनियातली सेवा). भारतातून निघण्याआधी कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या. बँकेचा ओटीपी भारतातल्या सिमवर येणार असेल तर ते सिम रोमिंगवर ठेवा, नाहीतर गेटवरच अडकाल.

आणि गाडी. लायकिपियाच्या, म्हणजे ओल पेजेता आहे त्या पठाराच्या, या भागात आपल्याकडच्यासारखी काळी रेगूर माती आहे. कोरडी असताना छान, एक जोरदार सर पडली की चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. फेब्रुवारी बहुधा कोरडा असतो, तरीही फोर-बाय-फोरच घ्या. वर उघडणारं छत असलेली लँड क्रूझर असेल तर पाच जणांना उभं राहून पाहता येतं. सासऱ्यांना चढायला पायरी किंवा छोटं स्टूल गाडीत ठेवायला सांगा. या गाड्या उंच असतात.

रानजाई
वरच्याशी सहमत. सोलिओबद्दल लिहिते.

सोलिओ १९७० साली सुरू झालं, केनियातलं सर्वांत जुनं खासगी गेंडा अभयारण्य. ओल पेजेतापेक्षा बरंच लहान, अॅबरडेअर डोंगररांग आणि माउंट केनियाच्या मधोमध. केनियाच्या इतर अनेक उद्यानांत आणि राखीव क्षेत्रांत जे गेंडे आज दिसतात त्यांपैकी कित्येकांचं मूळ सोलिओत आहे. पिवळ्या बाभळींखालच्या मोकळ्या गवतावर पांढरे गेंडे कळपाने चरताना पाहायचे तर सोलिओला तोड नाही. मात्र तिथे चिंपांझी नाहीत, नाजिन-फातू नाहीत. नऊ वर्षांच्या मुलासाठी मी ओल पेजेताच निवडेन. १९९३ पासूनचं स्वीटवॉटर्स चिंपांझी आश्रयस्थान तिथेच आहे आणि केनियात चिंपांझी दुसरीकडे कुठे दिसत नाहीत. ते दुपारी मध्ये बंद असतं, वेळ विचारून घ्या. फेब्रुवारीत नान्युकीत दोन दिवस जास्तीचे असतील तर सोलिओची अर्ध्या दिवसाची फेरी जोडा.

मुलाला आधी थोडं शिकवून न्या, मजा दुप्पट होते. रंगावरून काळा-पांढरा ओळखता येत नाही, दोन्ही चिखलाच्या रंगाचे असतात. पांढऱ्याचा वरचा ओठ रुंद, सपाट. तो गवत चरतो, म्हणून डोकं खाली असतं आणि मानेवर उंचवटा दिसतो. काळ्याचा ओठ टोकदार, फांदी पकडायला सोयीचा. पांढऱ्याचं पिल्लू आईच्या पुढे चालतं, काळ्याचं मागे. जनावर दिसलं नाही तरी शेणाचा ढीग बघा. काळ्याच्या शेणात काटक्यांचे तुकडे असतात, चाकूने तिरके कापल्यासारखे. पांढऱ्याच्या शेणात नुसतं कुटलेलं गवत. कानांवर खाचा दिसतील. त्या जखमा नाहीत. कोणता गेंडा कोणता, हे रेंजरला दुर्बिणीतून ओळखता यावं म्हणून पाडलेल्या असतात.

गाडी थांबली की इंजिन एकदाच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू-बंद नको. गेंड्याची नजर कमजोर, पण नाक आणि कान फार तिखट. शेपूट वळून वर गेली, कान आळीपाळीने तुमच्याकडे वळू लागले, फुस्स आवाज आला, की चालकाला मागे घ्यायला सांगा. 'अजून थोडं जवळ' असा आग्रह धरू नका. काळा गेंडा पांढऱ्यापेक्षा लवकर बिथरतो.

पायवाट
दोघांचे आभार, दोन रात्री पक्क्या. आता लस, थंडी आणि जेवण. ईटीएच्या (केनियाच्या ऑनलाइन प्रवास-परवानगीच्या) अर्जात यलो फीवरच्या लसीचं काहीच विचारलं नाही, म्हणजे गरज नाही ना?

शुश्रूषा
गरज आहे, आणि नेमकं इथेच लोक फसतात. केनिया भारतातून थेट येणाऱ्याकडे लसीचा दाखला मागत नाही. तो मागतो भारत, परत येताना. दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरण, सहा दिवसांपर्यंत. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी दाखला वैध होतो, म्हणून आदल्या आठवड्यात पळापळ करून उपयोग नाही. दोन महिने आधी नंबर लावा. सरकारमान्य केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात, कारण एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि उघडल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते. पिवळ्या पुस्तिकेवरचं नाव आणि क्रमांक पासपोर्टशी जुळतोय का ते तिथेच तपासा. दाखला एकदा मिळाला की आयुष्यभर चालतो.

तुमच्या घरात दोघं साठीपुढचे आहेत, हे महत्त्वाचं. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. अंड्याची तीव्र अॅलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर लस टाळतात. त्यामुळे तिकिटं काढण्याआधी दोघांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर नको म्हणाले तर लसीतून सूट दिल्याचा दाखला मिळतो. पण तो दाखवूनही परतीला विलगीकरण होईल का, हे लसीकरण केंद्रातूनच लेखी विचारून घ्या.

ओल पेजेताला उंची १८०० मीटरच्या आसपास आहे, मलेरियाचा धोका कमी. मारासाठी मात्र गोळ्यांचं विचारा. पहाटे तापमान दहाच्या आसपास आणि उघडी गाडी, म्हणजे कानटोपी, जाकीट लागतंच. दहा वाजता तेच ऊन विषुववृत्तावरचं असतं, भाजून काढतं.

नैरोबीकर
जेवणाची काळजी नको. केनियात गुजराती-पंजाबी वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, लॉजच्या स्वयंपाकघरांना शाकाहार नीट कळतो. कांदा-लसूण नको असेल तर आरक्षणातच लिहा.

दोन गोष्टी राहिल्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि संरक्षित क्षेत्रांत २०२० पासून पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्याही नेता येत नाहीत. चिवडा-लाडू डब्यात भरा, पाण्याला स्टीलची बाटली. ड्रोन आणू नका, विमानतळावरच काढून घेतात.

दुसरी अधिक मोठी. निघण्याआधी फोनच्या कॅमेऱ्याचं स्थान-नोंद बंद करा. फोटोत अक्षांश-रेखांश जातात आणि समाजमाध्यमावर टाकलेला फोटो शिकारी टोळ्यांनाही दिसतो. १९७० च्या सुमारास केनियात वीस हजारांच्या घरात काळे गेंडे होते, ऐंशीच्या दशकाअखेर चारशेहून कमी उरले. ते शिंगासाठीच. तिथे असताना 'आत्ता इथे दोन गेंडे' असं काही टाकू नका, परतल्यावर ठिकाणाच्या तपशिलाशिवाय टाका.

कंपालावासी
कुणाला पायी जाऊन गेंडे पाहायचे असतील तर युगांडातलं झिवा बघा. कंपालाहून गुलूच्या रस्त्यावर, साधारण तीन तास. युगांडातले शेवटचे रानटी गेंडे १९८३ पर्यंत संपले. २००५-०६ मध्ये सहा दक्षिणी पांढऱ्यांपासून झिवात पुन्हा सुरुवात झाली, त्यांतले चार सोलिओहून आणलेले. रेंजर सांगेल त्या रांगेत चालायचं, लांब विजार, बंद बूट. गेंडा वळला तर पळायचं नाही, झाडामागे उभं राहायचं. युगांडात शिरतानाच यलो फीवरचा दाखला मागतात. तुमच्या ज्येष्ठांसाठी मात्र ओल पेजेताच बरं.

रानजाई
नाजिन-फातूकडे गेल्यावर सेल्फीत वेळ घालवू नका, रखवालदारांना प्रश्न विचारा. २००९ च्या डिसेंबरात चेक प्रजासत्ताकातल्या प्राणिसंग्रहालयातून चार गेंडे आणले होते. त्यांतला सुदान हा शेवटचा नर १९ मार्च २०१८ ला गेला. नाजिनकडून बीजांड घेणं २०२१ मध्ये थांबवलं, आता भिस्त फातूवर. तिची बीजांडं आणि साठवलेले शुक्राणू यांपासून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून ते दक्षिणी मादीच्या गर्भाशयात सोडायचे. पद्धत जमते हे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, तेही दक्षिणी भ्रूणावर. ती सरोगेट मादी जंतुसंसर्गाने मेली, पोटात ७० दिवसांचा नर गर्भ होता. हे आधी वाचून गेलात की रखवालदार मोकळेपणाने बोलतात.

उत्तर सीमेवरचं कुंपणही बघायला सांगा. ठरावीक जागी ते मोकळं सोडून गुडघ्याएवढे खुंट दाटीने रोवले आहेत. हत्ती ते ओलांडून जातो, गेंड्याला जमत नाही. मुलाला हे फार आवडेल.

पायवाट
उत्तम! शेवटचं: ओल पेजेताहून मारा रस्त्याने जावं का?

नैरोबीकर
रस्त्याने एका दमात नको, अख्खा दिवस मोडतो. न्याहुरुरूमार्गे नाकुरूला अर्ध्या दिवसात या, तिथे एक रात्र काढा, दुसऱ्या दिवशी मारा. नाकुरूच्या राष्ट्रीय उद्यानातही दोन्ही गेंडे आहेत. पैसे परवडत असतील तर नान्युकीहून माराला लहान विमानं जातात. त्यात माणशी १५ किलोच सामान आणि तेही मऊ बॅगेत. कडक सुटकेस विमानाच्या पोटात बसत नाही, म्हणून ती नैरोबीच्या हॉटेलात ठेवून या.